वेडाचा रकाना

यवतमाळहून नागपूरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात कळंब येते. तेथल्या चिंतामणी गणेशाचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गौतमाच्या शापाने पोळलेल्या इंद्राने येथे तप केले, अशी कथा सांगतात. मला त्या कथेपेक्षा देवाच्या नावाचेच नवल अधिक वाटत आले आहे. धनासाठी लक्ष्मी, विद्येसाठी सरस्वती, तसा चिंतेसाठीही आमच्या वाडवडिलांनी एक देव नेमून ठेवला. आणि या देवाने दारी आलेल्या माणसाला, ‘बाबा रे, तुझी ही चिंता हा रोग आहे की नुसते दुःख?’ असे कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

तो प्रश्न विचारण्याची पाळी माझ्यावर आली ती २०११ सालच्या फेब्रुवारीत. मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि शिरगणतीचे काम मास्तरांच्या कपाळी लिहिलेलेच असते. हाती दिलेल्या तक्त्यात नवव्या क्रमांकाचा प्रश्न अपंगत्वाचा होता. दृष्टीला १, श्रवणाला २, वाचेला ३, चालण्याला ४, मतिमंदत्वाला ५ आणि मानसिक आजाराला ६ असे आकडे ठरलेले. एका घरी ओसरीवर पस्तिशीचा एक गृहस्थ भिंतीला पाठ लावून बसला होता. मी आलो, बसलो, पाणी प्यालो, त्याची मान काही वर झाली नाही. त्याच्या आईला मी हलक्या आवाजात विचारले, ‘‘यांना काही मनाचा आजार वगैरे?’’

म्हातारी माझ्या हातातल्या लेखणीकडे पाहत म्हणाली, ‘‘येडा नाही जी थो, गुरुजी. कापूस बुडाला तवापासून मन लागत नाही त्याचं. हे का येड होय?’’

मी तो रकाना कोरा ठेवला. म्हातारीवर उपकार केल्याच्या समाधानात पुढच्या घरी गेलो. पण संध्याकाळी कागद जुळवताना मनात आले, की मी उपकार केला की अपकार? सहाचा आकडा लिहिला असता तर एका उदास माणसाला मी वेडा ठरवले असते. न लिहिल्याने, तो दुःखात आहे हे सरकारच्या दप्तरी कोठेच उमटले नाही. त्या संध्याकाळपासून या रकान्याचा इतिहास शोधण्याचा मला छंदच जडला. जे हाती लागले त्यातले थोडे येथे सांगतो.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातली पहिली शिरगणती १८६७ सालची. पुढे साऱ्या देशाची गणती होऊ लागली, तेव्हा माणसाचे वय, जात, धर्म, धंदा यांच्या जोडीला आणखी एक सदर आले. त्यात चार व्यंगे मांडायची असत : वेड, जन्मजात मूकबधिरपणा, दोन्ही डोळ्यांचे अंधत्व आणि महारोग. आंधळा कोण हे ओळखायला शास्त्र लागत नाही. पण वेडा कोण? ते ठरवायचे होते गावच्या लिहित्या माणसाने, घरच्यांच्या सांगण्यावरून, दाराशी उभे राहून. शिरगणतीच्या साहेबांना याची जाणीव नव्हती असे नाही. हे आकडे फार भरवशाचे नाहीत, अशी कबुली त्यांच्या अहवालांतून पुनःपुन्हा येते. तरीही १९३१ पर्यंत तो रकाना भरला गेला. मग तो गळाला आणि सत्तर वर्षांनी, २००१ मध्ये, ‘मानसिक’ असा एकच शब्द लेवून परत आला. २०११ मध्ये त्याचे दोन झाले. तेच पाच आणि सहा माझ्या हाती आले होते.

हे काही आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेने १८४० च्या गणतीत वेडे आणि मतिमंद यांना एकाच रकान्यात बसवले. १८८० मध्ये तेथे सात प्रकार झाले : उन्माद, विषण्णता, एकाच कल्पनेचे वेड, मेंदूच्या लकव्याचे वेड, बुद्धिभ्रंश, दारूचे व्यसन आणि अपस्मार. चाळीस वर्षांत माणसांची मने काही सातपट गुंतागुंतीची झाली नव्हती. पण इस्पितळे वाढली होती, आणि इस्पितळाला माणूस कोणत्या खाटेवर घालायचा हे ठरवावे लागते. रकाने आधी माणसांच्या मनात पडत नाहीत. मोजणाऱ्याच्या गरजेतून पडतात. ही पहिली गोष्ट मी त्या छंदातून शिकलो.

कायद्याच्या पुस्तकांतही हाच प्रकार दिसतो. वेड्यांच्या इस्पितळांसाठी इंग्रजांनी १८५८ साली कायदे केले. नागपूरचे इस्पितळ १८६४ सालचे आहे. १९१२ च्या कायद्याची व्याख्या पाहा : वेडा म्हणजे जडबुद्धी किंवा ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा इसम. येथे काळजी होती ती मुख्यतः समाजाच्या बंदोबस्ताची आणि इस्टेटीच्या कारभाराची. १९८७ च्या कायद्याने व्याख्या फिरवली. आता मनोरुग्ण म्हणजे मानसिक विकारामुळे उपचाराची गरज असलेला माणूस. मतिमंद त्यातून वगळला. आणि २०१७ च्या कायद्याने तर एक विलक्षण कलम घातले. मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय कसोट्यांवर; माणसाची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती पाहून नव्हे, आणि समाजाच्या चालीरीतींशी त्याचे जमत नाही म्हणूनही नव्हे. असे कलम मुद्दाम लिहावे लागते याचा अर्थ उघड आहे : कधी ना कधी, कोठे ना कोठे, त्या कारणांसाठी माणसांना वेडे ठरवले गेले होते.

त्याचे दाखले शोधायला दूर जावे लागत नाही, पण सर्वांत बोचरा दाखला दूरचा आहे. १८५१ साली अमेरिकेतल्या लुइझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने एक नवा मानसिक रोग जाहीर केला. त्याचे लक्षण एकच : गुलामाला मालकाकडून पळून जावेसे वाटणे! ग्रीक धातू जुळवून त्याने या रोगाला भारदस्त नावही दिले. आज आपण हसतो. पण समलिंगी प्रेमाला अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेने रोगांच्या यादीतून वगळले ते १९७३ मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. आदल्या दिवशी रोगी असलेली लाखो माणसे दुसऱ्या दिवशी, एक गोळी न घेता, बरी झाली. असे हिवतापाच्या बाबतीत कधी होईल काय?

याच फटीत बोट घालून थॉमस सास या मनोवैद्याने १९६१ साली म्हटले की मानसिक रोग ही एक दंतकथा आहे. ज्याला आपण रोग म्हणतो ते जगण्यातले पेच असतात. हे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण ज्याने घरात खरे वेड पाहिले आहे त्याला ते पटणार नाही. भिंतीतून आवाज ऐकू येणारा, चार-चार रात्री न झोपणारा, पोटच्या पोराला न ओळखणारा माणूस जगण्याच्या नुसत्या पेचात नसतो. तो आजारी असतो. जेरोम वेकफील्ड या पंडिताने १९९२ मध्ये मधला मार्ग सुचवला. त्याचे म्हणणे असे, की विकार म्हणायला दोन गोष्टी हव्यात. एक, मनातली एखादी यंत्रणा तिचे निसर्गाने नेमलेले काम करीनाशी झाली पाहिजे. आणि दोन, त्यामुळे माणसाचे नुकसान झाले पाहिजे. पहिली गोष्ट शास्त्राने पाहायची, दुसरी समाजाने. विहिरीवरची मोट फाटली तर ती नादुरुस्त. पण विहीरच आटली आणि मोट रिकामी वर आली, तर मोटेला नादुरुस्त कसे म्हणायचे?

माझ्या म्हातारीचा प्रश्न नेमका हाच होता. तिच्या मुलाची मोट फाटली होती, की विहीर आटली होती?

आमच्या जुन्या वैद्यांनी या प्रश्नाला जागा ठेवली होती. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार केले : वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्हींच्या संनिपाताचा आणि बाहेरून येणारा. बाहेरून येणाऱ्यात देव-गंधर्व-पिशाचांची नावे आहेत खरी. पण ज्याने स्वतःच्या वागणुकीने स्वतःला पीडा दिलेली नाही त्याला देव किंवा पिशाच पीडा देत नाहीत, असेही तोच बजावतो. सुश्रुताने प्रकार सहा केले, आणि त्यांतला एक प्रकार केवळ मानसिक दुःखापासून होणाऱ्या उन्मादाचा आहे. दुःखाने झालेला उन्माद! म्हणजे विहीर आटल्यामुळे फाटलेली मोट. सुश्रुताने दुःख आणि रोग यांच्यामध्ये भिंत बांधली नाही. एकातून दुसऱ्यात जाणारी वाट दाखवली.

आमच्या भाषेनेही तेच केले आहे. वेडा, खुळा, बावळा, भ्रमिष्ट, पिसा या शब्दांत तुच्छता आहे तशी माया आहे. आई मुलाला ‘वेडा कुठला!’ म्हणते तेव्हा तिला डॉक्टर बोलवायचा नसतो, आणि भक्ताला देवाचे पिसे लागते तेव्हा गाव त्याच्या पायाला हात लावते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला बाराव्या-तेराव्या शतकांत गोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो. म्हाइंभटांनी लिहून ठेवलेल्या त्यांच्या लीळांत ते मनाला येईल तेथे जातात, मनाला येईल ते खातात, एकटेच हसतात, देवळातल्या मूर्तींवर रागावतात आणि शिवू नये म्हटलेल्या वस्तीतही मोकळेपणी वावरतात. रिद्धपूरची माणसे त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत. आणि तीच माणसे त्यांना आपली आई आणि आपला बाप म्हणत. दोन्ही नावे एकाच माणसाला एकाच तोंडाने देता येत होती. आज तेथे तक्ता घेऊन कोणी गेला असता तर त्याने काय लिहिले असते?

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा. गोविंदप्रभू एखादा, त्यांच्याच काळी आणि नंतर किती वेड्यांच्या नशिबी दगड, उपास आणि गोठ्यातला साखळदंड आला असेल याची लीळाचरित्रे कोणी लिहिली नाहीत. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला २००१ सालच्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. ‘बाहेरचे आहे’ म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्या पोरीला मारहाण झाल्याच्या बातम्या आपणही वाचल्या आहेत. उलट महानुभावांच्या एका मठात राहून व्हिएडा स्कल्टन्स या विदुषीने १९८७ मध्ये लिहिले आहे, की तेथे आजारी माणसाबरोबर घरची बाई येऊन राही, आणि त्याच्या बरे होण्यासाठी झुलण्याचे, अंगात येण्याचे कष्ट ती स्वतः सोशी. म्हणजे रोग एकाचा आणि दुखणे घराचे. यात मायाही आहे आणि त्या बाईच्या माथी मारलेला भारही. तेव्हा ‘हा आजार आहे, याला औषध आहे’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याने लाखो माणसांच्या पायांतली साखळी आणि बायकांच्या माथ्यावरचा दोष काढला, हे विसरून चालणार नाही. नाव देणे हे नेहमी डाग देणे नसते. कधी ते सुटका करणेही असते.

आता पुन्हा आमच्या जिल्ह्यात येतो. कारण येथे हा वाद पंडितांचा राहिलेला नाही.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ दत्तपूर येथे आपल्या कुटुंबासह आयुष्य संपवले. शेतीच्या पायी झालेली राज्यातली पहिली नोंदलेली घटना म्हणून तिचे स्मरण केले जाते. २०१७ पासून त्या दिवशी गावोगाव उपवास केला जातो. पुढल्या काळात अशा घटना इतक्या झाल्या की यवतमाळचे नाव परगावी सांगितले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. सरकारने मागे राहिलेल्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरवली. आणि मदत आली की रकाने आलेच. जमीन नावावर हवी, नापिकी हवी, कर्ज मान्य संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, त्याच्या वसुलीचा तगादा हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे कागद जातात आणि शेरा पडतो : पात्र, अपात्र किंवा चौकशीसाठी प्रलंबित. मक्त्याने शेती कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. सोयऱ्याकडून उसने घेतलेल्याची पावती नसते. आणि ‘मयत मनाने खचला होता, आजारी होता, दारू पीत होता’ असे चौकशीत पुढे आले, की मरण शेतीचे राहत नाही, मनाचे होते.

पाहा, शब्दाला येथे किती किंमत आहे. मनाचा आजार म्हटले, की कापसाचा भाव, पावसाचा खंड, कर्जाचे व्याज हे सारे आरोपी सुटतात आणि एकट्या मयतावर ठपका येतो. म्हणून शेतकऱ्यांची बाजू घेणारी माणसे ‘आजार’ हा शब्द ऐकला की चिडतात, आणि ते मी समजू शकतो. पण मग दुसरी बाजू अशी, की सारे दुःख कापसाच्या भावावर घातले तर ज्याला औषधाने आणि चार शब्दांनी वाचवता आले असते तो वाचत नाही. त्याच भावात, त्याच कर्जात शेजारी टिकून राहतो आणि हा खचतो; तर याच्या मनाकडे कोणी पाहायचे की नाही?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रयोग झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या अद्याक्षरांतून हा शब्द केला होता, आणि गंमत अशी की त्या नावात रोग हा शब्दच नव्हता; ताण होता आणि आरोग्य होते. गावातलीच माणसे शिकवून तयार केली. ती घरोघर जात. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आधी खिन्नतेच्या आजाराने ग्रासलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत; दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेले. राज्य सरकारनेही २०१५ पासून १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. यवतमाळ त्यांत होते. खिन्नता मोजण्यासाठी अशा कामांत एक नऊ प्रश्नांचा तक्ता जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होते का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या पुढे गेले की लक्ष द्यायचे. ‘का?’ हा प्रश्न मात्र त्या नऊंत नाही. मन लागत नाही हे तो तक्ता नेमके पकडतो. कापूस बुडाला हे त्याला दिसत नाही.

हा दोष नुसत्या तक्त्याचा नाही. मनोवैद्यांच्या अमेरिकन ग्रंथात १९८० पासून एक सवलत होती : जवळचे माणूस गेल्यावरची उदासी लगेच रोगात धरायची नाही. २०१३ च्या आवृत्तीत ती सवलत काढली. २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाचा वेगळा विकार त्या ग्रंथात आला. मोठ्या माणसाला त्यासाठी एक वर्षाची मर्यादा घातली. जागतिक संघटनेच्या यादीत तीच मर्यादा सहा महिन्यांची आहे. दुःखाला मुदत घालण्याचे हे धाडस वाचून मला प्रथम हसू आले. मग आठवले, की आपणही तेरावा करतो, वर्षश्राद्ध करतो आणि वर्षाने दुखवटा फेडतो. मुदत आपणही घालतोच. फरक इतकाच, की आपल्या मुदतीत माणूस एकटा नसतो. त्या वर्षभर त्याच्या शोकाला घराचा, गोताचा, गावाचा आधार असतो.

आणि कायदाही हळूहळू या वाटेला येत आहे. जगणे नकोसे होऊन स्वतःच्या जिवावर उठलेल्या आणि वाचलेल्या माणसाला पूर्वी गुन्हेगार म्हणत. २०१७ च्या कायद्याने सांगितले, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे. त्याला शिक्षा नव्हे, आधार द्यावा. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, कोणत्याही वेळी, फुकट बोलता येते. येथे रोग की दुःख हे आधी सिद्ध करावे लागत नाही.

इतके वाचून-शोधून माझ्या म्हातारीला मी काय उत्तर देऊ? एवढेच, की बाई, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझा कागद अपुरा होता. एक माणूस एकाच वेळी दोन रकान्यांत असू शकतो. त्याच्या मनाला औषध हवे आणि त्याच्या कापसाला भाव हवा. एक दिले म्हणून दुसरे नाकारण्याचा कोणाला अधिकार नाही. ज्या रकान्यात नाव पडल्याने मदतीचे दार उघडते तो रकाना भरावा. ज्यात नाव पडल्याने दार बंद होते, तो आखणाऱ्याला जाब विचारावा. मी त्या दिवशी दार न पाहता नुसता शब्द पाहिला आणि रकाना कोरा सोडला. ती माझी चूक होती. मला निदान दुसऱ्या दिवशी कागद घरी ठेवून त्या ओसरीवर जाऊन बसता आले असते. मी गेलो तो पुष्कळ महिन्यांनी. त्याने शेत मक्त्याने दिले होते आणि तो थोडे बोलत होता. कोणी शेजारी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. कोणता रकाना भरून, ते मी विचारले नाही.

आपल्याकडे ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलेले असते, त्या घरी दिवाळीची कढई चढत नाही. पण घर फराळावाचून राहत नाही. शेजारून ताट येते, सोयऱ्यांकडून डबा येतो. ते ताट नेणारी पोर दाराशी उभी राहून ‘तुमचे दुःख साधे आहे की आजाराचे?’ असे विचारीत नाही. ती ताट ठेवते, थोडी बसते आणि मोकळे ताट घेऊन परत येते. यंदा आपल्या आळीत कोणाचे मन लागत नसेल, माणूस गेल्यामुळे असो, पीक गेल्यामुळे असो की कशामुळेच नसो, तर एक ताट तिकडेही जाऊ द्यावे. आणि नेणाऱ्याने घाईने उठू नये.